कोरी गाडी

खव्याची भट्टी अण्णांनी घराच्या पुढून मागं हलवली ती गाडीसाठी. माझ्या जन्माच्या आधीपासून ती भट्टी अंगणात लिंबाखाली होती. पहाटे आजूबाजूच्या वस्त्यांवरून दूध यायचं, कढई चढायची आणि उलथणं घासल्याचा खर्र खर्र आवाज दुपार कलेपर्यंत चालायचा. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना, केसांना, माझ्या दप्तरालासुद्धा धुराचा आणि आटलेल्या दुधाचा वास असायचा. शाळेत मुली मला ‘खवा’ म्हणूनच हाक मारायच्या. धुरानं डोळे जातात, भट्टी मागं घ्या, असं आईनं अण्णांना किती वर्षं सांगितलं असेल. अण्णा म्हणायचे, “वारं मागनं येतंय. मागं नेली तर धूर समदा घरात शिरंल.” मग दसऱ्याला सोलापूरहून गाडी आली आणि आठवड्याच्या आत भट्टी मागं गेली. वारं तेच होतं. धूर घरात शिरायला लागला, आम्ही खोकत खोकत जेवायला लागलो, पण गाडीच्या काचेवर काजळी बसली नाही.

गाडी मोतिया रंगाची होती, चार दारांची, मागं डिकी असलेली. आमचं गाव वाशीच्या अलीकडचं, आडरानातलं. गावात ट्रॅक्टर होते, दोन जीप होत्या, वाशीच्या डॉक्टरांची एक डबीसारखी छोटी मोटार कधीमधी यायची. अशी लांबोडी, बसकी गाडी गावानं एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. माणसं सायकलवरून उतरून बघायची. बायका आधी पदराला हात पुसायच्या आणि मग हात लावायला पुढं व्हायच्या. अण्णा लावू द्यायचे नाहीत. “लांबनं बघा माय,” म्हणायचे, “जावयाची हाय.”

ती खरोखरच जावयाची होती. माझी थोरली बहीण शैला, तिला मी अक्का म्हणायची, तिची सोयरीक ढोकीच्या बाजूला ठरली होती. उसाचं रान, दारात ट्रॅक्टर, वर माडी, असं घर. त्यांनी गाडी मागितली नव्हती. निदान अण्णा सगळ्यांना तसं सांगायचे. नवऱ्या मुलाचे वडील लवकर गेलेले, त्यामुळं घरात त्याचे चुलते तात्या म्हणतील ते व्हायचं. सुपारीच्या बैठकीत हे तात्या पानाला चुना लावता लावता एवढंच म्हणाले होते, “आमचं काय म्हणणं न्हाय. तुमच्या लेकीनंच फिरायचंय त्यात. फकस्त जीप नको, डिकीवाली असावी. आन कोरी असावी.” काही न मागता सगळं मागायची ही कला आमच्याकडं फार जुनी आहे आणि ती काही बुडालेली नाही. आता लोक मॉडेलचं नाव सांगतात, एवढाच फरक. गाडीला पैसे कुठून आले ते मी इथं लिहीत नाही. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

लग्न मार्गशीर्षात होतं. गाडी दसऱ्याचा मुहूर्त साधून घेतली, कारण तात्यांना दसराच पाहिजे होता. ते स्वतः सोलापूरला शोरूमवर आले, गाडीभोवती फिरले, टायरांखाली लिंबू ठेवू दिलं आणि निघताना खिडकीतून आत वाकून मीटर बघितलं. अण्णांना म्हणाले, “हितून तुमच्या दारापत्तुर पळंल तेवढीच पळलेली दिसली पायजे. पुढं ती आमच्याकडं आल्यावर पळंल. नवी गाडी नवरीवाणी असती.” अण्णा हसले. घरी येऊन त्यांनी हे वाक्य आईला दोनदा ऐकवलं, कौतुकानं. त्यानंतर महिन्याभरात तिकडचे आजोबा वारले आणि लग्न वैशाखावर गेलं. अक्का आणखी सहा महिने आमच्याकडं राहणार म्हणून मला आनंद झाला होता. गाडीही राहणार होती, त्याचा अण्णांना घोर लागला.

चालवायची नाही आणि बिघडूही द्यायची नाही, अशी गाडी सांभाळणं म्हणजे काय असतं ते मी त्या हिवाळ्यात बघितलं. रोज सकाळी अण्णा आंघोळ करून, देवाला पाणी घालून यायचे, चपला बाहेर काढायचे आणि गाडीत बसायचे. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करून ठेवायचं असतं, असं त्यांना शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं. आतल्या गाद्यांना कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं, ते चरचर वाजायचं. अण्णा दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसायचे. समोर गोठ्याची भिंत होती. गाडी बंद केली की मला हाक मारायचे आणि आम्ही दोघं मिळून ती हातभर पुढं आणि हातभर मागं ढकलायचो, टायर एका जागी बसू नयेत म्हणून. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवलेली असायची. आईनं दोन जुनी लुगडी जोडून तिला झूल शिवली होती, पोळ्याला बैलांवर घालतात तशी, फक्त आरसे नव्हते. त्या वर्षी पाणी माघापासूनच तळाला गेलं होतं. आम्ही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायचो, पण गाडीला रोज अर्धी बादली लागायचीच. आईनं एकदाच विचारलं, “तिला रोजच्या रोज कशाला?” अण्णा म्हणाले, “धुरळा चढला की रंग मरतोय.” आमच्या घरात आई पहिलं वाक्य बोलायची, दुसरं गिळायची.

माझ्या मुलानं गेल्या वर्षी पुण्यात गाडी घेतली, तीही अशीच मागं डिकीवाली. मला न्यायला आला तेव्हा गाद्यांवर प्लास्टिक होतं. मी बसायच्या आधी ते सगळं टराटरा फाडून काढलं. सून बघतच राहिली. सासूबाईंना उकडत असेल, असं तिला वाटलं असावं.

अण्णांच्या त्या गाडीत बसायची परवानगी एकट्या अक्काला होती, तीही मागच्या सीटवर आणि पाय धुऊन. शेवटी गाडी तिच्याच घरी जाणार होती. अक्का बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, बाहेरून. कॉलेजात घालून शिकवणं अण्णांना जमलं नाही, पण फॉर्म भरू दिला होता. घरात धूर, अंगणात दूधवाले, मागं कढईची खरखर, म्हणून ती दुपारी झूल अर्धी वर करून गाडीत अभ्यासाला बसायची. काच खाली केलेली असायची. मी बाहेरून मुंडकं आत घालून उभी राहायची आणि ती मला वाचलेलं समजावून सांगायची. तिला शिकवायचा फार सोस होता. गल्लीतली पोरं पाढे चुकली तरी ती हातातली भाकरी टाकून उठायची. तिला बी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ‘बघू’ म्हणायचे. अण्णा म्हणायचे, “तिकडचे काय म्हणत्याल ते बघू.” अक्काच्या मनात दुसरं काहीही नव्हतं, लग्नसुद्धा तिनं त्या ‘बघू’च्या भरवशावर मान्य केलं होतं. नवरा मुलगा तिला नापसंत नव्हता. तिला फक्त पुढं शिकू देतील का, एवढंच कळायचं बाकी होतं.

परीक्षा उस्मानाबादला असायची. त्या गावाला आता सगळे धाराशिव म्हणतात, माझ्या तोंडात अजून जुनंच येतं. अक्का प्रत्येक पेपरला एसटीनं जायची आणि दिवेलागणीला परत यायची. शेवटच्या पेपरच्या दिवशी फाट्यावर एसटी फेल होऊन उभी राहिली. दुसरी येईपर्यंत पेपर सुरू झाला असता आणि वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. अक्का धावत घरी आली, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “अण्णा, वर्ष जातंय माजं.” अण्णांनी गाडीकडं बघितलं आणि मग आईकडं बघितलं. आई म्हणाली, “उभीच हाय की ती. पोरगी पळून चालली न्हाय, परीक्षेला चाललीया.” तिचं दुसरं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनी झूल ओढली आणि ती तशीच मातीत पडू दिली.

आई फडक्यात दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून स्वतःही येऊन बसली, म्हणून मलाही बसवलं. चुलत काका भट्टीवर थांबले. आमचं सगळं घर असं एका वाहनात कुठं निघालं, ते त्याच दिवशी. अण्णांना ट्रॅक्टरची सवय, त्यामुळं पहिल्यांदा गाडी बैलासारखी हिसके देत गेली. पण डांबरी लागल्यावर तिला काय झालं कोण जाणे, आवाजच बंद झाला. तेरखेडा गेलं, येरमाळा गेलं. आईनं येरमाळ्याच्या देवीला चालत्या गाडीतून हात जोडले. अक्का ओठ हलवत उत्तरं आठवत होती. आम्ही वेळेत पोचलो. पेपर सुटेपर्यंत अण्णा गेटाबाहेर गाडी पुसत उभे होते. कुणा शिपायानं त्यांना साहेब समजून सलाम केला, तो त्यांनी घेतला. आई तोंडाला पदर लावून हसली.

परत येताना येडशीच्या झाडीत आम्ही थांबलो. बॉनेटवर काही ठेवायचं नाही, एवढं सोडलं तर अण्णा त्या दिवशी कशालाच नको म्हणाले नाहीत. झाडाखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. आईनं खवा आणि साखर एका डब्यात आणली होती. रोज घरात खवा असून आम्हाला खायला क्वचित मिळायचा, कारण तो विकायचा असतो. अक्काचा पेपर चांगला गेला होता. तिनं चारही प्रश्न अण्णांना तोंडपाठ सांगितले, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मान हलवत ऐकत होते. मग ते एकदम म्हणाले, “पास झालीस तर बी.एड.ला घालू तुला. लग्नानंतर का हुईना. म्या बोलतो तात्यांशी. सून शिकल्याली आसली तर त्यांचंच नाव हाय.” अक्का येरमाळ्यापर्यंत काच खाली करून तोंड बाहेर ठेवून बसली, केसांचा नुसता झाडू झाला. आई दोनदा ओरडली, तरी तिनं तोंड आत घेतलं नाही. तिला इतकी खूश मी त्याच्या आधी कधी बघितली नव्हती आणि नंतर तर नाहीच.

पुढच्याच आठवड्यात तात्यांचा निरोप आला. गाडीत टेप बसवायचा होता, त्यासाठी माप घ्यायला ते त्यांच्या ड्रायव्हरला घेऊन येणार होते. निरोप ऐकून अण्णा उठले आणि गाडीत जाऊन बसले. खिडकीतून मला दिसत होतं, ते मीटरकडं बघत होते. जेवायला आले तर भाकरी कुस्करून तशीच ठेवली. आई म्हणाली, “खरं सांगा की. पोरीची परीक्षा होती म्हणून सांगा.” अण्णा म्हणाले, “कोरी मागितलीया त्यांनी. म्या शब्द दिलाय. उद्या म्हणत्याल, गाडीचा शब्द राखला न्हाय, तर लेकीचा काय राखणार.” आता वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. शंभरएक किलोमीटर ते काय. पण ठरलेली सोयरीक मोडली तर मुलीला नाव लागायचं, आणि ‘गाडीवरून मोडली’ म्हटलं तर लोक म्हणायचे की गाडीचं निमित्त आहे, खरं कारण वेगळं असणार. पोरीला घेऊन गाडी कुठं गेली होती, असं विचारणारी तोंडं आमच्याच गावात होती. अण्णा त्याला घाबरले होते. मीही घाबरले होते, कारण मोठी माणसं घाबरली की घर कसं होतं ते आम्हाला धूर नाकात जावा तसं कळायचं.

वडापची जीप चालवणारे चाँदभाई आमच्या घरचेच होते. त्यांची अम्मी आणि माझी आजी एका विहिरीवर पाणी भरलेल्या. अण्णांनी त्यांना गोठ्यामागं नेऊन हळूच विचारलं. चाँदभाई म्हणाले, “एवढंच ना? उलटी चालवा की अण्णा. गाडी उलटी पळली की मीटर बी उलटं फिरतंय. माज्या जीपचं फिरतंय, खुदा कसम.”

“ह्या गाडीचं फिरंल का?”

“मीटर ते मीटर. ते समदं न्हाय उतरलं तरी निम्मं तर उतरंल.”

त्यांच्या जुन्या जीपचं मीटर खरोखरच तसं फिरायचं, माणूस खोटं बोलणारा नव्हता.

ज्वारी निघून गेली होती, रान मोकळं होतं. पण धसकटांनी टायर फाटतील म्हणून अण्णांनी गाडी खळ्यावर नेली. खळं मोठं होतं, चोपून घट्ट केलेलं. उन्हं कलल्यावर अण्णा गाडीत बसले, मान मागं वळवली, आणि गाडी खळ्याभोवती उलटी फिरू लागली. उलट्या गिअरचा एक कळवळल्यासारखा आवाज असतो. तो आमच्या वस्तीवर, शेजारच्या रानात, ओढ्यापर्यंत ऐकू जात असणार. मळणीचे बैल फिरतात तशीच गाडी फिरत होती, फक्त शेपटीकडून. अण्णांना मागं बघायचं होतं, म्हणून मीटर बघायला मला पुढं बसवलं होतं. माझ्या मांडीखाली प्लास्टिक चिकटत होतं आणि मी त्या आकड्यांवरून डोळा हलवत नव्हते.

थोड्या वेळानं मी म्हणाले, “अण्णा, वाढतंय.”

“नीट बघ.”

“नीटच बघतीय. वाढतंय ते.”

“आदी जरा वाढतंय, मग उतरतंय. तू बघत ऱ्हा.”

मग ते फिरतच राहिले. धुळीचा लोट उठला आणि सगळा पुढच्या काचेवर बसला. रोज अर्धी बादली पाण्यानं पुसलेली ती गाडी मातकट दिसायला लागली. बांधावर दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं, अण्णा गाडी शिकतायत. एक जण हसला, मग तोही गप्प झाला. मी दर फेरीला ‘वाढतंय’ म्हणत होते. शेवटी शेवटी नुसती मान हलवत होते आणि अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. मग अक्का खळ्यात आली. ती सरळ गाडीच्या मागं, वाटेत उभी राहिली, तेव्हा त्यांना गाडी थांबवावीच लागली. ती खिडकीजवळ येऊन म्हणाली, “ऱ्हाऊ द्या अण्णा. आपण गेलतो. गेलेलं कसं माघारी जाईल?” अण्णांची मान तशीच वाकडी राहिली होती. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. माझे वडील रडले का, हे मी सांगू शकत नाही. त्यांच्या मानेला मात्र आई पुढचे चार दिवस तेल चोळत होती. चाँदभाई दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून म्हणाले, “परीक्षेला निघायच्या आदीच मीटरची केबल काढायची होती हो, ते आता ध्यानात आलं माज्या.”

तात्या आले ते गुरुवारी, जेवणाच्या वेळेला. आईनं खव्याच्या पोळ्या केल्या होत्या. ते आनंदानं जेवले, आईला म्हणाले, “ह्या पोळीसाठी तरी वैनी, सोयरीक करावी तुमच्याशी.” मग सगळे अंगणात आले. गाडी पुन्हा स्वच्छ केलेली, झूल काढलेली. ड्रायव्हरनं दार उघडलं, टेपचं माप घेतलं आणि सहज बोलल्यासारखा मीटरचा आकडा मोठ्यानं वाचला. तात्या सुपारी कातरत होते, ते थांबले.

“हे कसं म्हणायचं?” त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, “चालू ठेवावी लागती ना रोज. बॅटरी उतरती.”

“उभ्या गाडीचं मीटर पळतंय व्हय?”

ड्रायव्हर हसला. अण्णाही हसले, आणि ते हसणं मला अजून ऐकवत नाही. तेव्हा अक्का घरातून बाहेर आली. ठरलेल्या मुलीनं सासरच्या पुरुषांसमोर न बोलावता यायचं नसतं. तिनं पदर नीट घेतला आणि म्हणाली, “मला परीक्षेला नेलं होतं. एसटी फेल झालती. बी.ए.चा शेवटचा पेपर होता.” तिचा आवाज पाढे शिकवताना असायचा तसाच होता.

तात्या चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मऊ बोलले. “असं व्हय. परीक्षा. आन लग्न झाल्यावर बी आजून परीक्षा हायत का?” आई चौकटीला धरून उभी होती. मला वाटत होतं, आता अण्णा बोलतील. येडशीला म्हणाले होते तेच म्हणतील, सून शिकलेली असली तर तुमचंच नाव आहे. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि अक्काही बघत होती. तात्यांनी सुपारी तोंडात टाकली. “हे बघा, गाडी पळली ती पळली. घरचीच हाय. आमी दुसरी मागत न्हाय, आमी काय तसली माणसं न्हाय. पर आमच्या सुना नोकरीला जात न्हायत. त्ये पुढचं शिकायचं हितंच थांबवा. तेवढं कबूल करा, मीटरचा इषय संपला.”

अण्णांनी अक्काकडं बघितलं नाही. ते गाडीकडं बघत म्हणाले, “कबूल.”

मी नंतर पुष्कळदा मनात त्यांच्या जागी उभी राहून बघितलं आहे. काय झालं असतं? कदाचित काहीच झालं नसतं. तात्या नुसतं खडा टाकून बघत असतील. अण्णा वाईट नव्हते. त्यांनी जन्मात कुणाच्या दुधात फॅट कमी लावला नाही आणि आईवर कधी हात उचलला नाही. पण त्या एका शब्दाचा मला आजही राग येतो. आणि त्यांची वाकडी झालेली मान आठवली की रडू येतं. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं कमी होत नाही. पुढं मला त्यांनी बी.एड.ला घातलं, मी मागायच्या आधीच, एक अक्षर न बोलता. मी इतकी वर्षं शाळेत शिकवते आहे. पहिल्या पगाराचं लुगडं आईला नेलं, पेढे अण्णांना नेले, आणि अक्काकडं काय घेऊन जावं ते मला सुचलं नाही, म्हणून त्या महिन्यात तिच्याकडं गेलेच नाही.

त्या गुरुवारनंतर अक्का गाडीत बसायला गेली नाही. परीक्षा संपलीच होती, त्यामुळं कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. दुपारी ती मागं भट्टीवर जायची आणि काकांच्या हातातून उलथणं घेऊन कढई घासायची. आई म्हणायची, “अगं, रंग काळवंडंल तुजा, लग्न तोंडावर आलंय.” ती म्हणायची, “काळवंडू दे की.” वैशाखात लग्न झालं. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, पुढच्या काचेवर दोघांची नावं चिकटवली. अक्का मागं बसली, तिच्या शेजारी भावजी, पुढं तात्या. ती आमच्या गळ्यात पडून पुष्कळ रडली, रीतीप्रमाणं रडायचं त्याहून जास्त. अण्णा फाट्यापर्यंत गाडीच्या बाजूनं चालत गेले, ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा सांगत. परत आल्यावर त्यांनी अंगणातली टायरांची खूण झाडूनं पुसली. भट्टी मागंच राहिली. पुढं आणा असं आईही म्हणाली नाही.

निकाल आषाढात लागला. अक्का पहिल्या वर्गात पास झाली होती. अण्णा एसटीनं उस्मानाबादला जाऊन गुणपत्रिका घेऊन आले, ती भिजू नये म्हणून शर्टाच्या आतून धरून. घरी येऊन माझ्याकडून त्यांनी सगळे विषय वाचून घेतले. दुसऱ्या दिवशी घरच्या खव्याचे पेढे करायला लावले, पांढरा नेहरू शर्ट घातला आणि मला घेऊन ढोकीला निघाले. वाटेत ते बोलत होते, त्यांच्या मानानं फार बोलत होते. एवढे मार्क बघून तात्याही विचार करतील. आता निदान कागद तरी हातात आहे. मास्तर लोक म्हणतात, एवढ्या मार्काला कुठंही नंबर लागतो. मी हो हो म्हणत होते. मलाही वाटायला लागलं होतं की कागदात काहीतरी असेल.

तात्या घरी नव्हते, रानात होते. घराच्या बाजूला गाडीसाठी नवीन पत्र्याचं शेड केलं होतं, त्यात ती उभी होती. अक्का हात पुसत बाहेर आली. महिन्या-दीड महिन्यात ती बारीक झाली होती. तिनं आम्हाला चहा दिला, माझी वेणी सोडून परत घातली. अण्णांनी शर्टाच्या आतून कागद काढून तिच्यापुढं धरला. तिनं उभ्या उभ्या वाचला, वरपासून खालपर्यंत. एका विषयावर बोट ठेवून म्हणाली, “हा तो पेपर. येडशीला थांबलो त्या दिवशीचा.” त्यात तिला सगळ्यांत जास्त मार्क होते. मग तिनं कागद घडीवर घडी घालून अण्णांच्या हातात परत दिला.

अण्णा म्हणाले, “म्या तात्यांशी बोलू का?”

“नका बोलू,” अक्का म्हणाली. “तुमी शब्द दिलाय. आता मोडला तर माजं हितं अवघड हुईल.”

“मग ह्ये तरी ठेव तुज्याजवळ.”

“तुमीच ठेवा अण्णा. मी बघितला की पुन्हा पुन्हा बघंन.”

पेढ्यांचा डबा तिनं ठेवून घेतला. आम्ही जेवायला थांबलो नाही. एसटीत अण्णा खिडकीकडं बसले होते आणि काच बंद होत नसल्यानं पाऊस त्यांच्या अंगावर येत होता, तरी त्यांनी जागा बदलली नाही. घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. पाण्याचा तांब्या पुढं करत तिनं विचारलं, “काय म्हणली पोरगी? हरकली का?”

“भेटली न्हाय,” अण्णा म्हणाले. “रानात गेलती म्हणं.”

आईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यावर अक्कानं नुकतीच घातलेली वेणी होती. आईनं ती बघितली, तांब्या खाली ठेवला आणि भाकरी टाकायला आत गेली.